जोमाला हाक

फार मागची गोष्ट, बांधावर अजून गाडीवाट नव्हती तेव्हाची. त्या दिवशी भादव्यातली अवस होती आणि पावसाचा थेंब नव्हता. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख, वारा पडलेला, उकाडा एवढा की बगळेसुद्धा चोच उघडी टाकून उभे. खाडी मात्र गप्प गप्प फुगत चालली होती. माणखारची जुनी माणसं अशा दिवसाला भ्यायची. वारा असला की पाणी ओरडत येतं. वारा नसला की ते मुकाट्यानं बांधाचं पोट शोधतं.

माणखार गाव या मातीच्या बांधावर जगायचं. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. बांध फुटून खारं पाणी आत आलं की तीन तीन वर्षं तिथं काही पिकत नाही.

त्या गावात जोमा होता, सोळा वर्षांचा. घरात तो आणि त्याची आई बारकी, एवढंच. त्या वैशाखात तो उघाडीपाशी पोहत होता. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं लाकडी दार. त्यानं बुडी मारली आणि गढूळ पाण्यात त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. खेकड्याच्या मिशा दिसल्या, काठच्या तिवराच्या झाडांची मुळं दिसली. श्वास संपेना. हाताकडे बघितलं तर बोटांच्या मधे कातडं, अंगभर दाट तपकिरी केस. जोमा पाणमांजर झाला होता. आधी तो फार घाबरला, असं म्हणतात. मग घाबरणंही विसरला, आणि आपलं नावही विसरला.

उन्हं कलली तशी बांधावरून आईची हाक आली, "जोमा, ये रं जेवायला. भात निवतोय." त्यासरशी चिखलात गुडघ्यांवर बसलेला पोरगा तेवढा उरला.

मग तो पुन्हा पुन्हा जायला लागला. एकदा आई बाजारला गेली होती, तर सांज होईस्तोवर तो तिवरांत खेकडे फोडत राहिला. तिनं येऊन हाक मारली तेव्हा माणसात आला. त्या दिवशी त्यानं तिला सगळं सांगितलं. बारकी रडली नाही, रागावली नाही. पदरानं त्याचं डोकं पुसत म्हणाली, "मी बांधावर असल्याबिगर पाण्यात उतरायचं नाय. नि हे कुणाच्या कानावर घालायचं नाय, समजला?"

तिचं भ्यायचं कारण होतं. पाणमांजरं उघाडीवरची जाळी फाडायची, म्हणून गाव त्यांच्यावर उठलेलं. ज्याचा दगड पाणमांजराला लागेल त्यानं त्या ओहोटीची मासळी पहिली निवडायची, अशी रीतच होती. शेजारचा चांगो उघाडीवर जाळं लावायचा. त्याच्या कमरेला सदा दगडगोट्यांची झोळी, आणि नेम असा की उडता खंड्या पाडील.

तर त्या अवसेला बारकी माहेरी गेली होती, तिचा भाऊ वारला होता. आणि भर दुपारी आरोळी उठली, "बांध पाझरतोय! धावा!"

सगळं गाव धावलं. शेताच्या अंगानं बांधाच्या पायथ्याशी पाणी बुडबुडत होतं. माणसांनी पेंढा कोंबला, माती लोटली, वरून पायांनी तुडवली. पाणी शेजारून वर आलं. जोमाला ठाऊक होतं, भोकाचं तोंड खाडीच्या अंगाला खोल आहे, खेकड्यांनी पोखरलेलं. आतून कितीही माती लोटली तरी ते बुजायचं नाही. कमरेएवढा भात उभा होता. तो बघून जोमा चांगोजवळ गेला.

"चांगोकाका, मी खाली जातो. पाणी थांबलं की मला जेवायला हाक मार."

चांगो हसला. "बांध चाललाय नि याला जेवण सुचतंय! पोट हाय का कणगी?"

"हसू नको रं काका. नाव घेऊन हाक मार. जेवायलाच बोलाव."

"बरं बाबा, मारीन. आधी पेंढा आण."

पाणमांजराचं सांगावं असं जोमाच्या ओठांवर आलं होतं. पण त्याची नजर त्या झोळीवर गेली आणि शब्द मागं फिरला. त्यानं कुडतं काढून तिवराला अडकवलं आणि बुडी मारली.

थोड्या वेळानं बांधावरून चांगोला पाण्यावर एक पाणमांजर दिसलं. तोंडात तिवराची मुळी, पुढच्या पायांत चिकणमाती. ते बुडायचं, रिकामं वर यायचं, पुन्हा माती घेऊन बुडायचं. आत शेतात बुडबुडे कमी होत गेले, पण तिकडं बघायला चांगोला सवड नव्हती. वर्षानुवर्षांची सवय, हात आपसूक झोळीत गेला. गोटा कानामागं बसला.

पाण्यावर लाल रेघ उठली. तरी ते जनावर आणखी एकदा माती घेऊन खाली गेलं, असं म्हणतात. आणि बुडबुडे थांबले.

माणसांनी टाळ्या पिटल्या. चांगो ओहोटीच्या मासळीचे बेत करत होता, तेव्हा त्याला तिवरावरचं कुडतं दिसलं. त्यानं कुडत्याकडे बघितलं, मातीनं माखलेल्या त्या जनावराकडे बघितलं, आणि जोमानं मागितलेली हाक त्याला आठवली. त्यानं कमरेची झोळी सोडून फेकून दिली. तो कमरेएवढ्या चिखलात उतरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला. पाणमांजर मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं. पण दगड कानामागं बसला होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. ओहोटी लागली तसं ते पाण्याबरोबर गेलं.

बारकी परत आली तेव्हा चांगोनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं रोज तिन्हीसांजेला बांधावर जाऊन हाक मारली.

माणखारात आजही पाणमांजरावर कुणी दगड उचलत नाही. जाळं फाटलं तर फाटलं. भादव्याच्या अवसेला उघाडीपाशी केळीच्या पानावर गरम भात वाढतात. तो घरच्यानं नाही, शेजाऱ्यानंच वाढायचा. ओहोटीनंतर पान बहुतेक रिकामं असतं, आणि उरल्या शितांत बोटांनी भात कालवल्याची खूण असते, असं म्हणतात. भात वाढला की सारं गाव खाडीकडे तोंड करून उभं राहतं आणि त्याला ऐकू जावं म्हणून जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडतं. शब्द तेच, जे चिखलात उभं राहून चांगोनं त्याला म्हटले होते:

"जोमा, ये रं जेवायला. भात निवतोय."