राखलेला जोर

एकदा एका वृद्ध वैमानिकाकडे एक शिष्या शेवटच्या परीक्षेला आली. तिचे नाव ऋजुता. त्या दिवशीचे उड्डाण गुरूंच्या देखरेखीखाली नीट पार पडले, तर ती कॅप्टन होणार होती. बिघडले, तर पुन्हा सहवैमानिकाची खुर्ची. मुलगी अत्यंत हुशार, पण स्वभाव असा की हाती आलेल्या प्रत्येक कामावर तुटून पडायचे. अशा माणसांचे आपल्याला कौतुक वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडी धास्तीही वाटते.

थंडीतली सकाळ होती. धावपट्टी लांबलचक, विमान निम्मे रिकामे. गुरूंनी सारे आकडे तपासले आणि संगणकात तापमान भरले ते भर उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षाही जास्त!

ऋजुता चमकली. “सर, बाहेर तर दात वाजताहेत!”

“ठाऊक आहे. उकाड्यात हवा विरळ होते, मग इंजिनाला तेवढा जोर लावता येत नाही. म्हणून त्याला उकाडा आहे असं सांगायचं. ते आपला जोर आवरतं.”

“म्हणजे मुद्दाम कमी? मागे एवढी माणसं बसलीत, आणि आपण हात राखून उडायचं?” परीक्षा आहे हे विसरून ती रागावली होती.

गुरू हसले. “लागेल तेवढा जोर आहे. एक इंजिन बंद पडलं तरी पुरेल, असा हिशेब केलाय. आता निघूया.”

मनातून घुश्शातच तिने विमान पळवले. चाके जमिनीवरून सुटली, आणि तेवढ्यात उजव्या इंजिनात घार शिरली. मोठा धडाका झाला. विमान एका अंगाला ओढले जाऊ लागले, समोर टेकडी दिसत होती. ऋजुताने पायांखालचे पेडल दाबून विमान सरळ धरले आणि समोरच्या काट्यांवर नजर टाकली. विमान वर चढत होते! एकाच इंजिनावर, त्या आवरलेल्या जोरातच चढत होते. मग तिने डाव्या इंजिनाचा दांडा पूर्ण पुढे लोटला. इंजिनाने क्षणाचाही विलंब न लावता होता नव्हता तो जोर दिला. टेकडी केव्हाच खाली राहिली.

फेरी घेऊन तिने विमान अलगद उतरवले. तेव्हा कुठे गुरू बोलले.

“हे डावं इंजिन जुनं आहे बरं का. गरज नसताना रोज पूर्ण जोर लावला, तर इंजिन आतून तापतं, झिजतं. आजवर प्रत्येकाने त्याला जपून वापरलं, म्हणून आज तू हाक मारलीस आणि ते धावून आलं. तुझ्यातही असाच भरपूर जोर आहे, पोरी. तो रोज उधळू नकोस.”

ऋजुताचा राग केव्हाच मावळला होता. तिचे डोळे भरून आले. गुरूंनी माइक तिच्या हाती दिला. “प्रवासी वाट पाहताहेत, कॅप्टन. बोला.”

“आपण सगळे सुखरूप उतरलो आहोत,” ती शांतपणे म्हणाली. मागे टाळ्यांचा जो कडकडाट सुरू झाला, तो विमानाचे दार उघडले तरी थांबला नाही.