ठिणगीची लाल फीत

एक होती नाकतोडी. हिरवीगार. एवढीशी. नाव तिचं ठिणगी.

ठिणगी रोज शाळेत जायची. कशी जायची? टणक टणक, टणक टणक!

आज शाळेत बक्षिसांचा दिवस होता. हॉलमध्ये पताका लावल्या होत्या. मुलं सतरंजीवर बसली होती. लांब उडीत ठिणगी पहिली आली होती. तिला मिळणार होती लाल फीत.

मोठ्या बाईंनी फीत उचलली. नाव वाचायला तोंड उघडलं. तेवढ्यात पंखा फिरला गरगर गरगर. फीत उडाली. सुर्रर्र! गेली थेट कपाटाखाली.

"बाई, बाई, माझी फीत!"

"नंतर बघू हं," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी दुसऱ्याचंच नाव वाचलं.

दुसऱ्याला मिळाला कप. तिसऱ्याला मिळाली पेनं. ठिणगीला काहीच नाही!

"नंतर? आत्ता का नाही?"

ठिणगीला आला राग. सहाही पाय आपटले. टप टप टप! टप टप टप!

ठिणगी गेली कपाटाकडे. टणक टणक, टणक टणक.

"कपाटदादा, कपाटदादा, सरक ना!
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

कपाट म्हणालं, "मी नाही सरकत. महादूमामांनी ढकललं, तरच सरकेन."

महादूमामा शाळेचे शिपाई. दाराशी स्टुलावर बसले होते. ठिणगी गेली मामांकडे. टणक टणक, टणक टणक.

"मामा, मामा, ढकला ना!
कपाट सरकत नाही,
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

मामा म्हणाले, "आई गं! पाठ धरलीय माझी. सकाळपासून खुर्च्या उचलतोय. मी नाही ढकलत. पेटीतला बाम मिळाला, तरच ढकलेन."

औषधांची पेटी ऑफिसात होती. भिंतीवर. पांढरी पेटी, लाल फुली. ठिणगी गेली पेटीकडे. टणक टणक, टणक टणक.

"पेटीताई, पेटीताई, उघड ना!
मामा ढकलत नाहीत,
कपाट सरकत नाही,
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

पेटी म्हणाली, "मी नाही उघडत. किल्ली आहे नर्सताईंकडे. त्या आल्या, तरच उघडेन."

नर्सताई कुठे होत्या? बाहेर पायरीवर. एकट्याच. तोंड फुगवून. ठिणगी गेली नर्सताईंकडे. टणक टणक, टणक टणक.

"नर्सताई, नर्सताई, आत या ना!
पेटी उघडत नाही,
मामा ढकलत नाहीत,
कपाट सरकत नाही,
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

नर्सताई म्हणाल्या, "मलाही आलाय! वर्षभर मुलांची वजनं केली. डोळे तपासले. खरचटलेले गुडघे पुसले. आज मला कुणी 'या' म्हटलं नाही. मी नाही येत. मोठ्या बाईंनी बोलावलं, तरच येईन."

ठिणगीचा राग आणखी वाढला. मिश्या थरथर थरथर. ती गेली मोठ्या बाईंकडे. टणक टणक, टणक टणक.

"बाई, बाई, बोलवा ना!
नर्सताई येत नाहीत,
पेटी उघडत नाही,
मामा ढकलत नाहीत,
कपाट सरकत नाही,
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

बाई म्हणाल्या, "श्शऽऽ! पाहुणे बोलतायत. मी नाही बोलावत. ते थांबले, तरच बोलावीन."

पाहुणे माईकपाशी उभे होते. गळ्यात हार. डोक्याला फेटा. बोलत होते, बोलत होते, बोलतच होते. ठिणगी गेली पाहुण्यांकडे. टणक टणक, टणक टणक.

"पाहुणे, पाहुणे, थांबा ना!
बाई बोलावत नाहीत,
नर्सताई येत नाहीत,
पेटी उघडत नाही,
मामा ढकलत नाहीत,
कपाट सरकत नाही,
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

पाहुणे म्हणाले, "छे छे! मी नाही थांबत. टाळ्या पडल्या, तरच थांबेन."

आणि पुन्हा बोलायला लागले.

ठिणगी गेली मुलांकडे. टणक टणक, टणक टणक. मुलं जांभया देत होती. कुणाचा पाय झोपला होता. कुणाला भूक लागली होती.

"मुलांनो, मुलांनो, टाळ्या वाजवा ना!
पाहुणे थांबत नाहीत,
बाई बोलावत नाहीत,
नर्सताई येत नाहीत,
पेटी उघडत नाही,
मामा ढकलत नाहीत,
कपाट सरकत नाही,
माझी फीत मला मिळत नाही.
मला आलाय राग!"

पहिलीतली मुमताज म्हणाली, "फीत? कसली गं फीत?"

"लांब उडीची! मी पहिली आले!"

"तू? तू तर एवढीशी. आम्हाला उडी दिसलीच नाही. आम्ही नाही वाजवत टाळ्या. उडी दिसली, तरच वाजवू."

दिसलीच नाही?

आता मात्र ठिणगीला असा राग आला, असा राग आला! डोळे वटारले. सहाही पाय आपटले. टप टप टप! टप टप टप!

"मग बघा!"

ठिणगी मागे गेली. पार भिंतीपर्यंत. पाय दुमडले. श्वास घेतला.

एक... दोन... तीन...

टण्णाऽऽक!

पहिली रांग गेली. दुसरी रांग गेली. मोठ्या बाई मागे राहिल्या. ठिणगी पाहुण्यांच्या फेट्यावरून गेली, आणि पलीकडे टेबलावर उतरली. टप्!

"बापरे!" मुमताज उभीच राहिली. "दिसली! दिसली!"

आणि मुलांनी वाजवल्या टाळ्या. कड् कड् कड् कड्! कड् कड् कड् कड्!

पाहुण्यांना वाटलं, आपल्यालाच टाळ्या. "धन्यवाद, धन्यवाद!" म्हणाले आणि खाली बसले.

पाहुणे थांबले, बाई दाराशी गेल्या. नर्सताईंना म्हणाल्या, "सुगंधाताई, आत या. पहिल्या रांगेत बसा. तुम्हाला बोलवायला हवं होतं."

बाईंनी बोलावलं, नर्सताई आल्या. चट चट, चट चट.

नर्सताई आल्या, पेटी उघडली. खट्!

पेटी उघडली, बाम मिळाला. नर्सताईंनी मामांच्या पाठीला चोळला. चोळ चोळ, चोळ चोळ. "आहाहा!" मामा म्हणाले.

बाम लागला, मामांनी ढकललं. हेऽऽइशा!

मामांनी ढकललं, कपाट सरकलं. कर्रर्र!

कपाट सरकलं, आणि खाली काय? लाल लाल फीत!

बाईंनी फीत झटकली. फट् फट्. धूळ उडाली. पण ठिणगीने तोंड फिरवलं. अजून फुगलेलीच.

"ठिणगी, बघ, तुझी फीत."

"मी केव्हाच सांगितलं होतं!" ठिणगी म्हणाली. "तुम्ही म्हणालात नंतर!"

बाई खाली वाकल्या. अगदी ठिणगीएवढ्या झाल्या.

"हो गं. मी ऐकायला हवं होतं. माझं चुकलं."

मग बाईंनी फीत बांधली. माईक हातात घेतला. आणि मोठ्ठ्याने नाव वाचलं:

"लांब उडी! पहिला नंबर! ठिणगी नाकतोडी!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. नर्सताईंनी वाजवल्या. मामांनी वाजवल्या. पाहुण्यांनीसुद्धा वाजवल्या.

आणि राग? राग कुठे गेला?

टणक टणक, टणक टणक, दाराबाहेर गेला!