मुंग्या जाईपर्यंत

“…म्हणजे आता या वयात मान खाली घालून चालू म्हणता, महाराज?”

भरमगोंडा वस्तादांनी विचारलं. ऐंशीला टेकलेला माणूस. ऐन उमेदीत कुणी त्यांची पाठ मातीला लावली नव्हती. गावातली तालीम त्यांच्याच हाताखाली वाढली.

महिन्यापूर्वी ते परसात पडले. ओल्या फरशीवरून पाय सटकला. हाक मारली असती तर शेजारी धावून आले असते. पण मग वस्ताद पडले हे गावभर झालं असतं…

ते तसेच पडून राहिले. सून त्रिशला बाजारातून परतली, तेव्हा अंग गारठलं होतं.

तिनं काठी आणली. त्यांनी ती हातात धरली नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवू म्हणाली, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी तिनं गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, उतरलेल्या वृद्ध मुनींच्या कानावर हे घातलं.

मुनिमहाराजांनी वस्तादांना इतकंच सांगितलं होतं, की खाली बघून चालत जा. आता वस्तादांचा प्रश्न ऐकून महाराज उठले. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलली, कमंडलू घेतला. पुढच्या गावी निघायची वेळ झाली होती.

“वेशीपर्यंत येता?”

वस्ताद निघाले. मागून त्रिशला, हातात काठी.

महाराज अनवाणी. वयानं वस्तादांहून मोठे. नजर पावलापुढच्या जमिनीवर. वस्ताद छाती काढून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे नमस्कार घेत चालले होते. एका दगडाला ठेच लागली, तोल गेला. त्रिशलानं दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

महाराज तसेच खाली बघत चालत राहिले.

वेशीजवळ ते एकदम थांबले. वस्तादांनी पुढचं पाऊल उचललं होतं. महाराजांनी नुसतं जमिनीकडे बोट केलं.

मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती. तोंडात पांढरी अंडी.

वस्तादांचा पाय हवेतच राहिला. खाली टेकवावा तर मुंग्यांवर. मागे घ्यावा तर दुसरा गुडघा लटपटायला लागलेला…

“त्रिशला,” ते हळूच म्हणाले, “काठी दे.”

तिनं काठी हातात दिली. मुंग्या चुकवून त्यांनी ती टेकवली, तिच्या खांद्यावर दुसरा हात ठेवला आणि पाय मागे घेतला. पलीकडे दोघं-चौघं बघत उभे होते. वस्तादांचं तिकडे लक्ष नव्हतं.

रांग संपेपर्यंत तिघंही उभे राहिले.

“महाराज, एवढी वर्षं रानावनातून अनवाणी हिंडताय. कधी पडला नाहीत?”

“नाही.”

“ते कसं?”

महाराजांनी पुढे पाऊल टाकलं.

“खाली बघतो, वस्ताद; पण मी पडेन म्हणून कधीच नाही.”