कुमुदेने मागितलेली दाद

एका राज्यात, जिथे विहिरी हसत आणि पोपट भांडत, तिथे मंत्र म्हणायलाही मुद्रा लागे. मांत्रिकसभेने परीक्षा घ्यावी, तांब्याची मुद्रा द्यावी, मगच माणसाने कुणाचे भूत उतरवावे. गेले ते दिवस! आता कुणीही उठतो आणि अंगारा वाटतो. त्या काळी मुद्रा नाकारली गेली, तर येत्या अमावास्येला शिकलेली सारी विद्या जिभेवरून पुसली जाई.

कुमुदा अशीच परीक्षेला आली. विद्या तिला वडिलांनी दिली होती. वडील गेले, पण प्रत्येक मंत्र तिला त्यांच्याच आवाजात आठवे. ती अडखळली की त्यांचे खाकरणेही आठवे. विद्या गेली असती, तर तिचे वडील दुसऱ्यांदा गेले असते.

निकाल लागेपर्यंत परीक्षार्थीने राजाचे मीठ खायचे नाही, असा दंडक होता. म्हणून तिने भाकरी घरूनच बांधून आणली होती.

सभेने तीन कामे सांगितली. पहिले, हसणारी विहीर गप्प करणे. ती गप्प झाली. दुसरे, हात लावताच सरकणारा तळघरातला शापित हंडा जागी बसवणे. तोही बसला. तिसरे, राजमातेचा राघू बोलता करणे. राजमाता वारली तेव्हापासून तो मुका झाला होता आणि वाड्याला अवकळा आली होती. पाकशाळेत चूल धरत नव्हती, बागेत कळी उमलत नव्हती.

कुमुदा पिंजऱ्यापुढे उभी राहिली. राघू म्हणाला, "सोन्या, दूध निवतंय."

"हा तर बोलतो आहे," कुमुदा म्हणाली.

सभापती कालदंष्ट्राची दाढी गुडघ्यापर्यंत होती आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तो म्हणाला, "आम्हा कोणाला ऐकू येत नाही, ते तुला येते?"

"येते."

"खोटे बोलणाऱ्याला मुद्रा नाही."

सभा हसली. कुमुदा तडक दरबारात राजा पृथुसेनाकडे दाद मागायला गेली. तिच्यामागोमाग कालदंष्ट्र राघूचा पिंजरा घेऊन आला. अमावास्या परवावर आली होती.

राजाने विचारले, "तू कुठे कमी पडलीस?"

"मी कमी पडले नाही, महाराज. राघूला शाप नाहीच. शाप ऐकणाऱ्यांना आहे."

"कोणी दिला?"

राजाचा दोष राजाच्या तोंडावर सांगायचा म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. कुमुदेला भीती वाटली, फार वाटली. तरी तिने विचारले, "राजमाता गेल्या त्या दिवशी आपण राघूला काय म्हणालात?"

राजाने पिंजऱ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "तो आईच्या आवाजात बोलत होता. मला सोसवेना. मी म्हणालो, हा आवाज पुन्हा या वाड्यात ऐकू येता कामा नये."

"आपले मीठ खाणारे सारे मिठाला जागले, महाराज. त्यांचे कानही जागले, आणि आपलेही. मी ते मीठ खाल्ले नव्हते, म्हणून मला ऐकू आले."

"उपाय?"

"शब्द मागे घ्यावा."

कालदंष्ट्र ओरडला, "राजाचा शब्द मागे जात नसतो!"

राजाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो म्हणाला, "मुली, मला आईचा चेहरा आठवतो, तिने नेसलेले लुगडे आठवते. आवाज आठवत नाही. रोज आठवून पाहतो, येत नाही." हे ऐकून कुमुदेचे डोळे भरले. तिच्यापुढे तेच वाढून ठेवले होते.

राजाने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला. तो पिंजऱ्यापाशी गेला आणि म्हणाला, "मी माझा शब्द मागे घेतो."

"सोन्या, दूध निवतंय," राघू म्हणाला. "किती हाका मारायच्या रे?"

साऱ्या दरबाराने ते ऐकले. मिशा पिकलेला तो राजा जमिनीवर बसला आणि लेकरासारखा रडला. "आलो गं आई," एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

तिकडे पाकशाळेत चूल धरली, बागेत मोगरा उमलला. कालदंष्ट्राने दाढी सावरली आणि मुद्रा आपल्या हाताने कुमुदेच्या मनगटावर बांधली. "मीही मीठ खाल्लेलाच, मुली," तो म्हणाला. अमावास्या आली आणि गेली. कुमुदेच्या जिभेवरचे अक्षरही हलले नाही.

राजाला जशी आईची हाक पुन्हा आली, कुमुदेला जसा वडिलांचा आवाज राहिला, तसा आपापल्या गेलेल्या माणसांचा आवाज तुमच्या-आमच्या कानी राहो.