तांबडवाडीची काळी माती

तांबडवाडीत यंदा नाचणी पेरायची नाही, सगळ्यांनी कापूस लावायचा, असा राजा धवलसेनाचा हुकूम सुटला आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पेरा आठ दिवसांवर होता. डोंगरउतारावरच्या त्या भुरभुरीत तांबड्या मातीत कापूस तग धरणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण दरबारात शेंबड्या पोराला विचारतो कोण? तिथे तर्कनिधीशास्त्रींची नळी होती.

नळी पितळेची. मातीपासून वीतभर वर धरायची, आत दिवा लावायचा. उजेड मातीवर पडे, परतून नळीतल्या स्फटिकात शिरे आणि कापडावर रंगांचा पट्टा उमटे. पट्टा उजळ तांबूस आला की माती तांबडी, मंद काळपट आला की काळी. ना खणणं, ना चिमूट चोळून बघणं. राजा या नळीवर इतका खूश, की ती पालखीतून फिरे. तिनं तांबडवाडीची माती काळी ठरवली होती. गावाचं नाव तेवढं बदलायचं राहिलं होतं.

कोंडाजी शेतकऱ्याची लेक भिवरा भल्या सकाळी दरबारात जाऊन उभी राहिली. माती तांबडीच आहे, असं तिनं सांगितलं. शास्त्रीबुवांनी हसून विचारलं, बाईचं शिक्षण किती? ती म्हणाली, "नांगरामागं चालण्याइतकं."

राजाला गंमत वाटली. त्यानं अट घातली. "नळीला हात लावायचा नाही. मातीलाही नाही. नळीनं स्वतः आपला शब्द फिरवला पाहिजे, तोही सूर्य मावळायच्या आत. नाही जमलं तर कापूस."

"जमेल महाराज. फक्त नळी घेऊन अंगणापर्यंत चला."

वाड्याचं अंगण तांबड्या मातीचं, हे सगळं नगर जाणत होतं. शास्त्रीबुवांनी नळी धरली. पट्टा आला मंद काळपट. बुवा पट्ट्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "काळी."

राजवाड्याच्या मिस्त्रीनं आपली मान चाचपली. काळ्या मातीवर पाया घालणाऱ्याच्या भिंती तडकतात आणि मिस्त्रीची मानही.

भिवरा म्हणाली, "आता महाराजांनी इथंच थोडा वेळ बसावं."

वैशाखाचं ऊन. राजा छत्राखाली घाम पुसत बसला, दरबारी छत्राशिवाय भाजत उभे राहिले. दोन घटका गेल्या. भिवरानं बोटही हलवलं नव्हतं. मग तिनं त्याच जागी पुन्हा नळी धरायला सांगितलं.

पट्टा उजळ तांबूस!

शास्त्रीबुवा म्हणाले, दिव्याची वात कमीजास्त झाली असेल, पुन्हा पाहू. पट्टा स्वतः बघायला राजा छत्राखालून उठला. राजा उठला की पुढे सडा पडलाच पाहिजे, हा तिथला रिवाज. मीरू पखालजी धावत आला आणि धूळ उडू नये म्हणून त्यानं जागा छान भिजवली. बुवांनी नळी धरली.

पट्टा मंद काळपट.

राजा पट्ट्याकडे बघत होता. मग त्यानं पखालजीकडे पाहिलं, मग ओल्या मातीकडे.

"मीरू, नळीची पालखी तांबडवाडीला गेली, तेव्हा तू पुढे होतास?"

"होतो ना सरकार. बांधापासून बांधापर्यंत सडा घातला. एक कण धूळ उडू दिली नाही." बिचाऱ्याला वाटलं, शाबासकी मिळतेय.

राजानं भिवराला विचारलं, "मग चुकलं कोण? नळी की शास्त्रीबुवा?"

"नळी खोटं बोलत नाही महाराज. दिसलं ते सांगते. पण तिला राजाचा मान दिला, म्हणून राजाचं दुखणंही तिला लागलं. ती पोचायच्या आत तिथला रंग बदललेला असतो."

राजा इतका हसला, की छत्र धरणाऱ्यालाही हसू फुटलं.

त्यानं हुकूम फिरवला. तांबडवाडीत नाचणीच पेरली जाईल. यापुढे कुठली माती काळी नि कुठली तांबडी, यावर नळीनंतर भिवराची साक्ष घेतली जाईल. आणि आजपासून नळी पायी जाईल, शास्त्रीबुवांच्या खांद्यावरून. तिची पालखी भिवराची.

भिवरा पालखीत बसली. भोयांनी पालखी उचलली तसा मीरू सवयीनं पखाल सावरून पुढे धावला. या वेळी सडा पडायच्या आत त्याचा कमरेचा पटका मागून धरला, तो शास्त्रीबुवांनीच.