वस्तादांच्या उरलेल्या पायऱ्या

विळेगाव संस्थानच्या तालमीत रंगनाथ पैलवान पुरता गोंधळला होता. थोरले वस्ताद गणोजी म्हणत, "पळू नकोस, अंगावरचं मांस झडेल." धाकटे वस्ताद म्हणत, "पळ, नाहीतर दम टिकणार नाही." बिचारा निम्मी टेकडी पळे आणि धास्तीने दंड चाचपत माघारी फिरे.

एकदा गणोजींनी त्याला भर हौद्यात, कुस्तीच्या लाल मातीतच गाठलं. "पळून काय मिळतं, ते सगळ्यांदेखत सांग. नाहीतर तालमीतून चालता हो!"

रंगनाथने डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "वस्ताद, आपल्याकडे दंगल जिंकली की पैलवान वस्तादाला खांद्यावर बसवून टेकडीवरच्या देवळात नेतो. तुम्हाला उचलायला बैठका लागतात, हे कबूल. पण गेल्या वर्षी तुमच्या पैलवानाने धापा टाकत तुम्हाला अकराव्या पायरीवरच उतरवलं. पुढच्या दोनशे पायऱ्या तुम्ही कुणाच्या खांद्यावर चढलात?"

तालमीत हशा पिकला. गणोजी गुडघा चोळत म्हणाले, "बैठका झाल्या की रोज टेकडीला एक फेरी मार. आणि खांद्यावर वाळूचं पोतं घे. माझ्याच वजनाचं!"