साकवाची गाठ

खूप जुनी गोष्ट. राजाला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची. डोंगराच्या पायथ्याशी बुरुडांचं एक गाव होतं आणि गावापुढून अवखळ नदी वाहायची. ये-जा करायला बांबूचा एकच साकव. तो पुरात वाहून गेला आणि गावातल्या गोजरीचं लेकरू पलीकडे आजोळी अडकलं.

रोज संध्याकाळी ते पलीकडच्या काठावर येऊन काहीतरी ओरडायचं. पाण्याच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत. मग गोजरी हात हलवायची, तेही हलवायचं.

आजवर साकव सगळा एकदमच बांधायचे. गाव महिनोन्‌महिने राबायचं, मुहूर्त बघून तो नदीवर टाकायचं, आणि मधेच वाकला की कुणाचं चुकलं ते कळायचंच नाही.

पाटलीणबाई म्हणाल्या, "गोजरे, सगळ्यात घाई तुला. मग काम कसं करायचं, ते तूच ठरव."

गोजरी गांगरली. कुणी म्हणे, आधी सगळा साकव वाळूत रेखून काढ. कुणी म्हणे, दोन्ही काठांकडून सुरू कर. सासरे म्हणाले, "आधी मुहूर्त बघ." तिला सगळ्यांचंच पटायचं, म्हणून डोक्यात आणखीच गुंता व्हायचा.

एकदा तिला वाटलं, लेकराला आपण अख्खं ताट भरवतो का? घास घास भरवतो. पहिला खारट लागला, तर पुढच्यात भात वाढवतो.

नदीत खडक होतेच. एका खडकापासून दुसऱ्यापर्यंत एकेका घराने बांबूची एक ताटी विणायची. झाली की टाकायची, चालून बघायची, मग पुढची. बरोबर की चूक, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या ताटीत म्हातारबाबांच्या बकरीचा पाय अडकला. बाबा हसले, "पोरी, साकव केलास का सापळा?" दुसरी ताटी घट्ट विणली. ती पायाखाली घसरायला लागली. तिसरीवर काथ्या गुंडाळला. साकव असा पुढे पुढे सरकत गेला.

एक गोष्ट मात्र गोजरीच्या ध्यानात आली नाही. त्या गावात प्रत्येक घराची गाठ वेगळी. एका घराची गाठ दुसऱ्या घराने सोडायची नाही, असा रिवाज होता. ताट्या त्याच गाठींनी खडकांना बांधल्या गेल्या.

शेवटची ताटी पलीकडच्या काठाला टेकली, आणि नेमकी मधली ताटी खडकावरून सरकू लागली. ती तुळाजीच्या घराने विणलेली. तुळाजी घरादारासकट लग्नाला गेलेला.

गोजरी धावली. गाठ सोडून पुन्हा आवळायला हवी होती. मागून लोक ओरडले, "ती तुळाजीची आहे, हात लावू नकोस!" तिने हात लावलाच. पण कुठला पदर कुठून आला, ते काही केल्या उमगेना.

समोरून लेकरू निघालं होतं. गोजरीने "थांब, थांब" म्हणून हात हलवले. लेकराला वाटलं, आई रोजच्यासारखा हात करतेय. ते आणखी जोरात धावलं.

काय करावं ते गोजरीला सुचेना. ती खडकावर पालथी पडली आणि ताटीचं सुटतं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. लेकरू तिच्या पाठीवरून अलीकडे आलं. तिचे हात सुटले आणि ताटी पाण्यात गेली. बाकीचा साकव मात्र जागच्या जागी राहिला.

तुळाजी परतल्यावर चिडला. "माझ्या गाठीला हात लावलास?"

"भाऊ, ताटी तुम्ही कशीही विणा," गोजरी म्हणाली, "पण टोकाची गाठ कुणालाही सोडता यायला हवी. रिवाज मोडतो का, ते मला कळत नाही. एवढंच कळतं, की पाठ एकच आहे आणि लेकरं गावभर आहेत."

तुळाजीने ताटी धरून तिच्या तळहातांवर उठलेले वळ पाहिले. त्याने नवी ताटी विणली आणि लेकरांनाही जमेल अशी साधी गाठ मारली. मग एकेका घराने तीच गाठ उचलली.

लेकरांनो, आणि थोरांनोही, काम तुकड्यातुकड्यांनी वाटून घ्यावं, पण तुकडे जिथे जुळतात तो सांधा सगळ्यांच्या हाताला कळेल असा ठेवावा.